दहीपुलाजवळचा वाडा: बारा हेड, दीड हजार लिटर पाणी आणि एक प्लग

माझं रोजचं काम नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांतलं. हायड्रंट, आगीच्या उष्णतेने आपोआप पाणी सोडणारे स्प्रिंकलर, पंपहाउस, आणि दर जानेवारी-जुलैला फॉर्म बीची, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याच्या दाखल्याची धावपळ. राहत्या घराला स्प्रिंकलर लावून द्या, असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्यामुळे दहीपुलाजवळच्या एका गल्लीतल्या जुन्या वाड्यातून तिथल्या काकांचा स्प्रिंकलरसाठी फोन आला तेव्हा मी फारसं मनावर घेतलं नाही. "दोन चांगले एक्स्टिंग्विशर घ्या, वायरिंग बदलून टाका," म्हणालो आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी काका स्वतः सातपूरला आले. सोबत वहीचा एक कागद होता, त्यावर त्यांनी मिनिटं मांडून आणली होती.

घडलं होतं ते असं. दिवाळीच्या आठवड्यात रात्री सव्वादोनच्या सुमारास माजघरातल्या जुन्या एक्स्टेंशन बोर्डाने पेट घेतला. बोर्डाला मोबाइलचा चार्जर लावलेला, बोर्ड पलंगाखाली आणि शेजारी घडी घालून ठेवलेल्या गोधड्या. जळका वास पहिल्यांदा आजींना आला, कारण त्यांना झोप कमीच. आजी 84 वर्षांच्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून आधाराशिवाय त्यांना उठता येत नाही. सुनेने 101 ला फोन लावला. गाडी मेन रोडपर्यंत लवकर आली, पण पुढची गल्ली जेमतेम सात फुटांची, त्यात हातगाड्या आणि दुकानांच्या पायऱ्या. जवान होज खांद्यावर टाकून पळत आत आले. तोवर शेजाऱ्यांनी बादल्यांनी आग बरीच आटोक्यात आणली होती. माजघराच्या कडीपाटाच्या चार कड्यांचा कोळसा झाला, एक कपाट गेलं, माणसं वाचली.

काकांच्या कागदावर एका आकड्याभोवती गोल होता: 11. आजींना खुर्चीत बसवून जिन्याने खाली, चौकातून दिंडी दरवाजाबाहेर आणायला 11 मिनिटं लागली होती. मोबाइलमधल्या फोनांच्या वेळा जुळवून त्यांनी हा हिशेब काढला होता. वाड्याचा जिना अडीच फूट रुंद, जवळजवळ शिडीसारखा उभा, वर पोचल्यावर डोकं वाकवायचं. "एक्स्टिंग्विशर चालवायला माणूस लागतो," काका म्हणाले. "तो माणूस आईला उचलत असेल, तर आग कोण विझवणार?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी वाडा बघायला गेलो.

आधी शंका

घरच्यांच्या मनात स्प्रिंकलरचं चित्र सिनेमातलं होतं. कुणीतरी सिगारेट पेटवतो आणि अख्ख्या इमारतीत पाऊस पडतो. काकूंची काळजी साधी होती: फोडणीचा धूर, संध्याकाळचा धूप, गणपतीतल्या आरत्या, आणि वर्षाचे पापड-कुरडया माळ्यावर. आजी म्हणाल्या, "माझ्या डोक्यावर नळ लावतोस होय रे?"

मी खिशातून स्प्रिंकलरचं एक हेड, म्हणजे पाणी फवारणारं तोंड, काढून त्यांच्या हातात दिलं. त्यात बोटाच्या पेराएवढी काचेची कुपी असते, कुपीत रंगीत द्रव. ही कुपीच पाण्याचं तोंड दाबून धरते. तिच्याजवळची हवा तापून कुपी ठरलेल्या तापमानाला पोचली की द्रव फुगतो, काच फुटते आणि तेवढंच एक हेड उघडतं. धुराचं तिला काही कळत नाही. बाकीची हेड बंदच राहतात. रंगावरून तापमान ओळखायचं: नारिंगी 57 अंश, लाल 68, पिवळा 79, हिरवा 93, निळा 141. ना वीज, ना सेन्सर, ना कॉम्प्युटर. अमेरिकेत गिरण्यांसाठी ही कल्पना 1870 च्या दशकातच रुळू लागली होती, तेव्हा उष्णतेने मेणासारखा वितळणारा धातूचा सांधा (सोल्डर) असे, काचेची कुपी नंतर आली.

"पण घरात कोण लावतं?" हा सुनेचा प्रश्न. अमेरिकेत ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेल शहराने 1985 मध्येच नव्या घरांसाठी तसा नियम केला, कॅलिफोर्नियात नव्या घरांना 2011 पासून ते बंधनकारक आहे, वेल्समध्ये 2016 पासून. आपल्याकडे उंच इमारती, तळघरं, मॉल, गोदामं अशा ठिकाणी स्प्रिंकलर मागतात. दोनमजली राहत्या वाड्याला नियमाने सक्ती नाही. हे मी काकांना स्पष्ट सांगितलं, कारण सक्ती आहे असं भासवून माल खपवणारे आमच्या धंद्यात कमी नाहीत.

हेडपेक्षा पाणी

घरात स्प्रिंकलर म्हटलं की लोक हेडची किंमत विचारतात. हेड काही शे रुपयांत मिळतं. खरा प्रश्न पाणी किती, ते कुठे ठेवायचं आणि दाब कुठून आणायचा, हा.

दाबाचा हिशेब सोपा आहे. दाब मोजतात बारमध्ये, आणि पाण्याची 10 मीटर उंची म्हणजे साधारण 1 बार. फ्लॅटच्या इमारतीत गच्चीवर टाकी असते, तरी सगळ्यात वरच्या मजल्यावर ती छतापासून दोन-तीन मीटरच वर असते, म्हणजे पाव बार. तळमजल्याला भरपूर दाब आणि वरच्याला जवळजवळ नाही, अशी गंमत होते. वाड्यात तर तोही मार्ग नव्हता. वर टाकी ठेवायची म्हणजे दीड टन वजन जुन्या सागवानी तुळयांवर आणि मातीच्या भरावावर टाकायचं. एका मिस्त्रीने तसं सुचवलंही होतं. मी म्हटलं, मग आगीची वाट बघायची गरजच नाही.

म्हणजे टाकी खाली चौकात आणि पंप. किती पाणी? आम्ही जे हेड निवडलं त्याचा के-फॅक्टर 80. दाबाच्या वर्गमुळाला 80 ने गुणलं की मिनिटाला किती लिटर पडेल ते मिळतं. शेवटच्या हेडवर अर्धा बार दाब धरला तर सुमारे 57 लिटर. घरगुती मांडणीत दोन हेड एकाच वेळी उघडतील असं धरतात. दोन हेड, 114 लिटर मिनिटाला. अमेरिकेतलं एक-दोन कुटुंबांच्या घरांचं मानक 10 मिनिटांचं पाणी मागतं. काकांचा आकडा 11 होता. 1,500 लिटर ठेवले तर 13 मिनिटं मिळतात. पंपाजवळच्या हेडमधून थोडं जास्त पडतं, तेव्हा 12 धरा. 11 ला 12. अंतर कमी होतं, म्हणून दुसऱ्या बाजूनेही काम केलं. काकूंनी जाड सतरंजीला कडेने पट्टे शिवून झोळी केली. आधी 50 किलो गव्हाचं पोतं त्या झोळीतून जिन्याने उतरवलं, तीनदा. चौथ्यांदा आजी. सहा मिनिटं. आजींनी खाली आल्यावर चहा मागितला.

पंपाचा दाब असा मांडला: माळ्याच्या छतापर्यंत 9 मीटर म्हणजे 0.9 बार, पाइप आणि एल्बो-टीमधलं घर्षण अर्धा बार, हेडवर अर्धा बार. एकूण 1.9. मिनिटाला 120 लिटर 25 मीटरवर देणारा दीड एचपीचा पंप पुरतो. तो बोअरवेलवाल्याकडे सहज मिळतो.

पंप ठेवायचा कुठे, याने मात्र दोन दिवस खाल्ले. गोदेला पूर आला की नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे बघतात, पाणी कंबरेला की छातीला. 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी सराफ बाजार, दहीपुलाच्या बाजूला चढलं होतं. काकांनी चौकातल्या दगडी खांबावरची पुसट रेघ दाखवली. मी माझ्या ड्रॉइंगमध्ये पंप चौकाच्या फरशीवर काढला होता. कारखान्याची सवय! रेघेच्या दीड फूट वर ओटा बांधला, पंप आणि त्याचं पॅनेल तिथे. टाक्यांनाही पट्ट्या मारून भिंतीला बांधल्या, कारण भरलेली टाकी जागची हलत नाही पण पुरात अर्धी रिकामी असली की तरंगते. तुळशीवृंदावन हलवायचं नाही ही काकूंची अट होती. ती पाळली, त्यासाठी पाइपला दोन एल्बो जास्त पडले.

विजेचं काय? घरात शॉर्टसर्किट झालं की मेन उडणार, आणि त्याच वेळी पंप हवा. म्हणून पंपाची लाइन मीटरच्या पुढून, घराच्या मेन स्विचच्या आधी वेगळी काढली, तिला स्वतःचा एमसीबी. लायसनवाल्या इलेक्ट्रिशियनकडून, रीतसर. केबल बाहेरच्या दगडी भिंतीवरून नेली. लहान प्रेशर टँक लाइनमध्ये दाब धरून ठेवतो, हेड उघडून दाब पडला की प्रेशर स्विच पंप सुरू करतो आणि पाणी वाहू लागलं की फ्लो स्विच भोंगा वाजवतो. पंप आपोआप सुरू होतो, बंद मात्र हातानेच करायचा. कारखान्यांतल्या फायर पंपांची हीच रीत, आणि ती घरातही सोडू नये असं माझं मत आहे.

पण खांबावरूनच वीज गेली तर? इन्व्हर्टर दीड एचपीच्या मोटरचा सुरुवातीचा झटका सोसत नाही. पेट्रोल इंजिन द्राक्षबागांमुळे इथे गल्लोगल्ली मिळतं, पण लाकडी वाड्यात पेट्रोलचा कॅन ठेवणं हा शुद्ध वेडेपणा. हवेच्या दाबावर चालणारी मोठी टाकी काकांच्या खिशाला परवडेना. शेवटी गल्लीकडच्या भिंतीवर 63 मिलिमीटरचा फायर ब्रिगेड इनलेट काढला, पाणी उलटं जाऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसकट. गाडी मेन रोडला थांबली तरी जवान होज आणून तिथे जोडू शकतात आणि त्यांचं पाणी आमच्याच हेडमधून पडतं. वीज गेलेली असताना गाडी येईपर्यंतची मिनिटं उघडीच राहतात. ती जोखीम कागदावर लिहून काकांची सही घेतली.

खण आणि तुळई

वाड्याची खोली खणांत मोजतात. माजघर चार खणांचं, म्हणजे तुळयांमधले चार गाळे. पुस्तकातला नियम सपाट छताचा: हलक्या धोक्याच्या जागेत एका हेडला 21 चौरस मीटरपर्यंत. त्या हिशेबाने माजघराला एकच हेड पुरलं असतं. पण तुळई जवळपास फूटभर खाली येते. हेड छताला चिकटून लावलं तर पाण्याची छत्री तुळईवर आपटते आणि पलीकडचा खण कोरडा राहतो. तुळईच्या खाली उतरवलं तर गरम हवा वरच्या खणात साठत राहते आणि कुपी उशिरा फुटते. मी आधी एक हेड तुळईच्या खाली काढलं होतं. प्लंबर म्हणाला, "साहेब, बादली उलटी धरली तर वाफ बादलीतच राहते ना?" तो आठवी शिकलेला आहे. मी ड्रॉइंग बदललं. माजघरात मधल्या तुळईच्या दोन बाजूंना भिंतीवरची दोन साइडवॉल हेड घेतली, पाण्याची फेक कड्यांच्या दिशेने. बाकी तुळया उथळ होत्या, त्यांना छत्री चुकवता आली.

सगळी मिळून बारा: माजघर दोन, दिवाणखाना दोन, आजींची खोली, दोन झोपायच्या खोल्या, स्वयंपाकघर, जिन्याचा माथा आणि माळ्यावर तीन. एरवी तिथे जितकं गरम होतं त्याहून कुपी निदान 30 अंश वरची घ्यायची, असा आपल्याकडचा ठोकताळा. मातीच्या भरावाखाली खोल्या थंड, तिथे लाल 68. माळा पत्र्याखाली, मे महिन्यातल्या दुपारी तिथे 58 धरले, म्हणून तिथे हिरवी 93. गॅसच्या शेगडीजवळही हिरवी. झोपायच्या खोल्यांत तीन मिलिमीटर जाडीची कुपी, ती पाच मिलिमीटरच्या कुपीपेक्षा लवकर फुटते.

पाइप सी-क्लास जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला जाड लोखंडी, लाल पट्ट्याचा. स्प्रिंकलरसाठीचा खास सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचा पाइप मिळतो, पण उघड्यावर लाकडाच्या कड्यांखाली मला तो नको होता, आणि नळकामाचा साधा सीपीव्हीसी तर अजिबात नको. हातपंपाने 10 बार दाब देऊन दोन तास ठेवलं. पहिल्या खेपेला पाइपांचे दोन जोड (युनियन) पाझरले, सफेदा-दोरा पुन्हा केला. पाइपांना काकांनी लाकडाच्या रंगाचा ऑइलपेंट मारून घेतला. हेडना रंग लागू द्यायचा नाही, यासाठी मी स्वतः दिवसभर स्टुलावर बसून होतो. रंगवलेलं हेड उशिरा उघडतं, कधी उघडतच नाही.

सोबत बॅटरीवरचे तीन स्मोक अलार्म लावले. ते काकांना आधी उगाच वाटत होते. पण धुमसणारी गादी कुपी फुटण्याइतकी उष्णता द्यायला वेळ घेते आणि तोवर धुरानेच माणूस जातो. हलू न शकणाऱ्या माणसाच्या खोलीत तर अलार्म आधी, स्प्रिंकलर नंतर. सगळा खर्च एक लाख साठ हजारांच्या आसपास गेला. त्यात सर्वांत मोठा वाटा मजुरीचा, कारण अशा भिंतीत छिद्र पाडताना ब्रेकर चालत नाही.

सहा महिन्यांनी

मे अखेरीस तपासणीला गेलो. टेस्ट व्हॉल्व्ह उघडला, पंप सुरू झाला, भोंगा वाजला, काका खूश. मी टाकीचं झाकण उघडलं. आत 600 लिटरही नव्हते. मघाचं 12 मिनिटांचं गणित पाच मिनिटांवर आलं होतं.

नळाला पाणी नव्हतं त्या दिवशी सुनेने धुण्याला घेतलं होतं, मग पुन्हा एकदा, मग पाहुणे आले. तिचं म्हणणं असं: "दादा, डोळ्यासमोर हजारभर लिटर पाणी आणि घरात आंघोळीला नाही, हे कसं जमायचं?" शिवाय साठलेल्या पाण्यात अळ्या झाल्या होत्या. डेंगीच्या दिवसांत घरोघरी तपासणी होते, त्यात बोलणी खाल्ली ती वेगळीच. चूक माझी होती. कारखान्यात फायर टँकला कुणी हात लावत नाही. घरात असं पाणी राखून ठेवण्याची कल्पनाच चुकीची.

त्यावरचा उपाय जुना आहे, मला उशिरा सुचला. साडेसातशेच्या दोन टाक्यांच्या जागी हजार-हजाराच्या दोन बसवल्या आणि घराच्या वापराचं पाणीही त्यातूनच घेतलं, पण वापराचा नळ तळापासून तीन-चतुर्थांश उंचीवर काढला. वरचे 500 लिटर घर वापरतं, रोज नवं पाणी येतं. नळ कोरडा पडला तरी खालचे 1,500 शिल्लक. अळ्या थांबल्या, भांडणही. पंपाची सक्शन, म्हणजे पाणी ओढणारा पाइप, तळाशी. व्हॉल्व्हची चाकं उघड्या स्थितीत साखळीने बांधली, कारण त्याच तपासणीत पाइपच्या एका फांदीचा बॉल व्हॉल्व्ह अर्धा बंद सापडला होता. पंख्याचं काम करायला आलेल्याने तो "पाणी गळेल" म्हणून फिरवला होता.

आता राहिलं खाली.

वाड्याचा तळमजला रस्त्याकडून भाडेकरूंच्या दुकानाचा, तीन पिढ्यांपासूनचं भाडं. पितळी भांडी, पण मागच्या बाजूला पुठ्ठे, गवत, थर्माकोल, प्लास्टिकच्या पिशव्या. जिना या गोदामाच्या भिंतीला लागून. माजघर पेटलं तर आमची बारा मिनिटं कामाची आहेत. पण तळमजल्यावर पुठ्ठे पेटले तर धूर आधी जिन्यातच शिरेल आणि झोळी उतरवायची वाटच बंद होईल. हे मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं आणि माझ्या पहिल्या कागदावर दुकानात तीन हेड काढलेली होती. पण गोदाम म्हटलं की धोक्याचा वर्ग बदलतो, एका हेडला 12 चौरस मीटरच, पाणीही जास्त लागतं. पुठ्ठ्यांची थप्पी छतापर्यंत असेल तर तीन हेडनीही काही होत नाही.

दुकानदार माणूस वाईट नाही. त्यांची भीती दोन प्रकारची. पाइप आत आला म्हणजे मालकाचा पाय आत आला, आणि वाड्यांच्या बाबतीत नाशिकमध्ये अशा गोष्टी कोर्टात किती वर्षं चालतात हे सगळ्यांना माहीत आहे. दुसरी, हेड चुकून फुटलं तर मालाचं काय. दुसरीला उत्तर होतं, पितळ ओलं झाल्याने बिघडत नाही. पहिलीला माझ्याकडे नव्हतं. काकांनी खर्च स्वतः करायची तयारी दाखवली, "भाड्याशी याचा संबंध नाही" असं लिहून द्यायलाही तयार झाले. वकिलाने त्या मसुद्यात दोन ओळी घातल्या आणि दुकानदारांनी तो परत पाठवला.

दरम्यान जे हातात होतं ते केलं. जिन्याच्या आणि गोदामाच्या मधल्या लाकडी पार्टिशनवर काकांच्या बाजूने विटांचं बांधकाम चढवलं, जिन्याच्या माथ्यावर स्वतः मिटणारं दार बसवलं. दुकानदारांनी आपणहून पुठ्ठे दोन फूट मागे सरकवले आणि रात्री मेन बंद करून जायला लागले. स्मोक अलार्म मात्र त्यांनी लावून घेतला. त्याला पाइप नसतो.

चौकातून दुकानाच्या मागच्या भिंतीपर्यंत दीड इंची लाइन आणून ठेवली आहे, व्हॉल्व्हसकट. टोकाला प्लग आहे. मागच्या जुलैत तपासणीला गेलो तेव्हा दुकानदार बाहेर येऊन उभे राहिले, प्लगकडे बघत म्हणाले, "हे पाणी कोणत्या टाकीतून येणार?" मी टाकी दाखवली. त्यांनी झाकण उघडून आत बघितलं, हात बुडवून पाहिला आणि गिऱ्हाईक आलं म्हणून निघून गेले.